कीर्तीची रिळे

नाताळात किंवा पवित्र आठवड्यात प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपट एकदाही पाहिला नाही, असे कॅथलिक कुटुंब आपल्याकडे विरळाच सापडेल. आपल्यापैकी कित्येकांनी तो चर्चच्या पटांगणात, ताणून बांधलेल्या पांढऱ्या कापडावर, आईच्या मांडीवर बसून पाहिला आहे. क्रूस वाहणारा येशू पडला, की पटांगणात हुंदके ऐकू येत आणि पुनरुत्थानाचा प्रसंग आला, की लहान मुलेही उठून उभी राहत. मात्र तो चित्रपट कोणी काढला, त्यात येशू कोण झाला होता, हे आम्ही तेव्हा विचारले नाही आणि कोणी आपण होऊन सांगितलेही नाही. चित्रपट मनात राहिला, माणसे विसरली गेली. काही दिग्दर्शकांची व नटांची नावे पिढ्यानपिढ्या टिकतात आणि काहींची, त्यांचे काम आपल्या हृदयात घर करून असतानाही, पुसली जातात. असे का व्हावे, याचा शोध घेण्याचा आमचा हा प्रयत्न आहे. त्यासाठी फार दूर जाण्याची गरज नाही. भारतीय चित्रपटाचा जन्मच मुळी अशाच एका, प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपटापाशी येऊन पोहोचतो.

गिरगावातील तो खेळ

साल १९१०-११ च्या सुमाराचे. मुंबईत गिरगावात 'अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेस' नावाच्या चित्रगृहात 'लाइफ ऑफ क्राइस्ट' हा मूकपट लागला होता. प्रेक्षकांत चाळिशीचा एक गृहस्थ होता. मुद्रणाच्या भागीदारीतून तो बाहेर पडला होता आणि पुढे काय करावे, हे त्याचे ठरलेले नव्हते. त्र्यंबकेश्वरी ३० एप्रिल १८७० रोजी जन्मलेला हा गृहस्थ म्हणजे धुंडिराज गोविंद फाळके. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात त्याचे शिक्षण झाले होते. छायाचित्रण, चित्रकला, मुद्रण, जादूचे प्रयोग, इतक्या विद्या हाती असूनही एकीनेही त्याला स्थिर केले नव्हते. पडद्यावर येशूचे जीवन सरकत होते आणि फाळक्यांच्या मनश्चक्षूंसमोर राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या यांची चित्रे उभी राहत होती. आपल्या देवदेवता, आपली माणसे अशीच पडद्यावर कधी दिसतील काय, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देईना. पुढे १९१७ साली 'नवयुग' मासिकात त्यांनी स्वतःच ही हकीगत लिहून ठेवली. त्यांनी ती लिहिली म्हणूनच आज ती आपल्याला ठाऊक आहे, ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. तिच्याकडे आम्हांला पुन्हा यायचे आहे.

तो 'लाइफ ऑफ क्राइस्ट' नेमका कोणाचा होता? याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. त्या काळी येशूच्या जीवनावर फ्रान्समधील पाते कंपनीचा एक चित्रपट होता आणि गोमाँ कंपनीचा १९०६ सालचा दुसरा होता. गोमाँचा चित्रपट अॅलिस गी या स्त्रीने दिग्दर्शित केला होता. अनेक जण फाळक्यांनी पाहिलेला चित्रपट हाच होता असे मानतात. १८७३ साली जन्मलेली ही बाई जगातील आरंभीच्या दिग्दर्शकांपैकी एक. पण चित्रपटाचा इतिहास लिहिला जाऊ लागला, तेव्हा तिची काही कामे तिच्या सहायकांच्या नावावर मांडली गेली. उतारवयात आपल्याच चित्रपटांचा शोध घेत आणि आठवणी लिहीत तिला आपला हक्क सांगावा लागला. १९६८ साली अमेरिकेत ती वारली, तेव्हा तिचे नाव फार थोड्यांना माहीत होते. जिच्या कामाने कदाचित भारतातील एका नव्या कलेची ठिणगी पेटवली, तिला स्वतःला मात्र काळाने अनेक दशके अंधारात ठेवले. उत्तम काम केले की कीर्ती आपोआप मागे येते, हा आपला भाबडा समज येथेच डळमळू लागतो.

पहिलेपणाचे माप

जो पहिला, त्याचे नाव टिकते, असेही पुष्कळदा म्हटले जाते. तेही पुरते खरे नाही. सावे दादा म्हणून ओळखले जाणारे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी १८९९ सालीच मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचे चित्रण केले होते. रामचंद्र गोपाळ ऊर्फ दादासाहेब तोरणे यांचा 'पुंडलिक' हा चित्रपट गिरगावातील कोरोनेशन चित्रगृहात १८ मे १९१२ रोजी प्रदर्शित झाला. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' त्याच चित्रगृहात लोकांसमोर आला तो ३ मे १९१३ रोजी, म्हणजे जवळजवळ एक वर्षाने. तरीही भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून फाळक्यांचे नाव घेतले जाते. तोरण्यांच्या चाहत्यांना याची खंत वाटते आणि ती अस्थानी आहे असे आम्ही म्हणणार नाही.

परंतु निवाडा करताना इतिहासकारांनी केवळ तारखा पाहिल्या नाहीत. 'पुंडलिक' हे रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते, त्याचा छायाचित्रकार परदेशी होता आणि त्याच्या फितीवरील प्रक्रिया लंडनला झाली, असे ते दाखवून देतात. फाळक्यांनी मात्र ही विद्या मुळापासून आत्मसात केली. विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली ते लंडनला गेले, सेसिल हेपवर्थ या चित्रपटनिर्मात्याच्या कारखान्यात सारे तंत्र पाहिले, विल्यमसन कॅमेरा व कच्ची फिल्म मिळवण्याची व्यवस्था केली आणि ते परत आले. सावकाराची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत रुजणाऱ्या दाण्याच्या वाढीचे एक छोटे चित्रण करून दाखवले. सुमारे ३,७०० फुटांचा 'राजा हरिश्चंद्र' त्यांनी आपल्या माणसांकडून, आपल्या घरात, आपल्या हातांनी उभा केला. त्यानंतरही ते थांबले नाहीत. 'लंका दहन' (१९१७), 'श्रीकृष्ण जन्म' (१९१८), 'कालिया मर्दन' (१९१९) अशी मालिकाच त्यांनी दिली. एका कलाकृतीने लोक चकित होतात. कलेची वाट पडते ती मात्र पुनःपुन्हा चालणाऱ्याच्या पावलांनी. पहिल्या माणसापेक्षा वाट पाडणाऱ्या माणसाचे नाव अधिक टिकते, असा या प्रकरणाचा आम्हांला लागलेला अर्थ आहे.

प्रसिद्धी गेली, कीर्ती उशिरा आली

प्रसिद्धी आणि कीर्ती या दोन शब्दांत आपण सहसा भेद करीत नाही. फाळक्यांचे आयुष्य तो भेद स्पष्ट करून दाखवते. 'लंका दहन' जोरात चालला असताना तिकीट-खिडकीवर जमलेली नाणी बैलगाडीतून न्यावी लागत, असे सांगतात. ती प्रसिद्धी होती. ती फार तर दहा-बारा वर्षे टिकली. १९१८ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनीत भागीदारांशी त्यांचे खटके उडाले. पुढे बोलपट आला आणि मूकपटांच्या या महर्षीला नव्या काळाशी जुळवून घेता आले नाही. 'सेतुबंधन' हा त्यांचा शेवटचा मूकपट. कोल्हापूरला काढलेला 'गंगावतरण' (१९३७) हा त्यांचा शेवटचा चित्रपट. त्यानंतर नाशिकला ते जवळजवळ विस्मृतीतच जगले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा ज्या धंद्याचा पाया त्यांनी घातला होता तो धंदा लाखोंची उलाढाल करीत होता आणि त्याच्या जनकाचे अखेरचे दिवस मात्र हलाखीत गेले होते.

मग आज घरोघरी ठाऊक असलेले 'दादासाहेब फाळके' हे नाव आले कोठून? १९६९ सालापासून भारत सरकारने चित्रपटक्षेत्रातील सर्वोच्च पुरस्काराला त्यांचे नाव दिले आणि पहिला पुरस्कार देविका राणी यांना मिळाला. १९७१ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले. २००९ साली परेश मोकाशी यांच्या 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या मराठी चित्रपटाने नव्या पिढीला त्यांची हसतखेळत ओळख करून दिली. मृत्यू आणि पहिला पुरस्कार यांच्यामध्ये पंचवीस वर्षे गेली. त्या पंचवीस वर्षांत त्यांच्या नावाचा दिवा कोणीतरी तेवत ठेवला होता, हे उघड आहे. कुटुंबीयांनी रिळे व कागदपत्रे जपली, जुन्या सहकाऱ्यांनी आठवणी सांगितल्या आणि बापू वाटवे यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्या लिहून काढल्या. पुण्यात फेब्रुवारी १९६४ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. पुढच्याच वर्षी तेथे रुजू झालेल्या पी. के. नायर यांनी गावोगाव हिंडून जुनी रिळे गोळा करण्याचे व्रत घेतले आणि १९९१ साली निवृत्त होईपर्यंत ते सोडले नाही. फाळक्यांच्या चित्रपटांचे जे अवशेष आज पाहायला मिळतात, त्यांमागे नायर यांचे कष्ट आहेत. 'राजा हरिश्चंद्र'ची केवळ पहिली आणि शेवटची रिळे उरली आहेत. तीही १९१७ साली पुन्हा काढलेल्या आवृत्तीची असावीत, असे काही जाणकारांचे मत आहे. नायर २०१६ साली पुण्यात निवर्तले. त्यांच्यावर २०१२ साली 'सेल्युलॉइड मॅन' नावाचा माहितीपट निघाला. दुसऱ्यांची नावे जपणाऱ्याचे नाव टिकल्याचे हे दुर्मीळ उदाहरण म्हणावे लागेल.

रिळे जळाली, नाव उरले

जुनी फिल्म नायट्रेटची असे. ती झटकन पेट घेई, उष्ण व दमट हवेत चिकट होऊन तिचा भुगा होई. शिवाय तिच्यात चांदीचा अंश असल्यामुळे जुनी रिळे वितळवून चांदी काढणारेही होते. मूकपटांच्या काळात आपल्या देशात हजाराहून अधिक चित्रपट निघाले, पण पूर्ण वा अपूर्ण अवस्थेत आज उरले आहेत ते अगदी मोजके. भारताचा पहिला बोलपट 'आलम आरा' (१९३१), त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यातील चित्रपट संस्थेच्या आवारातील भांडाराला आग लागली आणि उरल्यासुरल्यांतील कितीतरी नायट्रेट रिळे भस्मसात झाली. लेखकाचे पुस्तक एका ग्रंथालयात जळाले, तर दुसऱ्या ग्रंथालयात सापडते. चित्रपटाच्या मोजक्या प्रती नष्ट झाल्या, की दिग्दर्शकाची साक्षच संपते.

कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांच्यावर हाच प्रसंग ओढवला. १८९० साली जन्मलेला हा सुतार घराण्यातील कलावंत. त्यांनी स्वतःच्या हाताने कॅमेरा बनवला आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली. त्यांचा 'सैरंध्री' (१९२०) पाहून लोकमान्य टिळकांनी त्यांना 'सिनेमा केसरी' ही पदवी दिली, असे सांगतात. १९२५ साली त्यांनी 'सावकारी पाश' काढला. सावकाराच्या कचाट्यात सापडून जमीन गमावणारा आणि शहरात मजुरीसाठी जाणारा शेतकरी त्यांनी पडद्यावर आणला. त्या तरुण शेतकऱ्याची भूमिका व्ही. शांताराम यांची होती. देवादिकांच्या कथा सोडून खेड्यातील कर्जबाजारी माणूस दाखवण्याचे धाडस त्या काळी थोडेथोडके नव्हते. हा मूकपट आज उपलब्ध नाही. मग पेंटर यांची कीर्ती कशावर उभी आहे? ज्यांनी तो पाहिला त्यांच्या लेखांवर, उरलेल्या छायाचित्रांवर आणि मुख्यतः त्यांच्या शिष्यांवर. विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम हे सारे त्यांच्याच हाताखाली तयार झाले. गुरूची रिळे गेली, पण गुरूने शिकवलेले हात उरले. त्या हातांनी १ जून १९२९ रोजी कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन केली आणि १९३३ साली ती पुण्यास नेली. कीर्ती टिकण्याचा हाही एक मार्ग आहे आणि तो आम्हांला सर्वांत सुंदर वाटतो.

एका भूमिकेचे आयुष्य

आता नटांकडे वळू. १८९२ साली दोन बाळे जन्मली, एक भारतात आणि एक फ्रान्समध्ये. एकाचे नाव विष्णुपंत पागनीस, दुसरीचे रने फाल्कोनेत्ती. दोघांनी एकमेकांचे नावही ऐकले नसेल. परंतु दोघेही अमर झाले ते एकेका भूमिकेने, आणि दोन्ही भूमिका संतांच्या.

पागनीस हे नाटक मंडळीत स्त्रीभूमिका करणारे, भजने गाणारे नट. दामले व फत्तेलाल यांनी 'संत तुकाराम' (१९३६) काढायचे ठरवले, तेव्हा अशा माणसाकडे मुख्य भूमिका सोपवावी की नाही, याबद्दल शंका घेणारे होते. चित्रपट १२ डिसेंबर १९३६ रोजी मुंबईत लागला आणि एकाच चित्रगृहात सलग ५७ आठवडे चालला. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. पागनीसांनी तुकाराम 'दाखवला' नाही, ते तुकारामांसारखे शांतपणे वावरले, असे जुने प्रेक्षक सांगत. त्यांच्या छायाचित्रालाच तुकाराम महाराजांचे चित्र समजून लोकांनी ते देव्हाऱ्यात लावले. गौरी या फारशा नावाजलेल्या नसलेल्या नटीने रंगवलेली संतापी, कष्टाळू, प्रेमळ आवली ही तर या चित्रपटाची जमिनीशी बांधलेली गाठच होय. शांताराम आठवले यांनी या चित्रपटासाठी रचलेला एक अभंग इतका एकरूप झाला, की अनेकांनी तो तुकारामांचाच मानला. कवीला याहून मोठी दाद कोणती? परंतु त्याच दादेने त्याचे नाव मात्र मागे पडले.

पागनीस १९४३ साली वारले. मधल्या काळात त्यांनी संत तुलसीदास आणि नरसी भगत यांच्याही भूमिका केल्या, तरी लोकांच्या मनात ते तुकारामच राहिले. चित्रपट टिकला, कारण प्रभातचा स्टुडिओ १९५३ साली बंद पडल्यानंतरही दामले कुटुंबीयांनी कंपनीचे चित्रपट जपले, संग्रहालयाने प्रती सांभाळल्या आणि गीता कपूर यांच्यासारख्या कलासमीक्षकांनी त्यावर नव्याने लिहिले. देवभोळ्यांचा म्हणून बाजूला ठेवता आला असता, असा चित्रपट विद्यापीठांत अभ्यासला जाऊ लागला.

तिकडे फ्रान्समध्ये संत जोन ऑफ आर्क हिला १९२० साली ख्रिस्तसभेने संतपद बहाल केले. डेन्मार्कचा दिग्दर्शक कार्ल थिओडोर ड्रायर याने तिच्या खटल्याच्या मूळ नोंदींवर आधारलेला मूकपट १९२८ साली पुरा केला. फाल्कोनेत्ती ही पॅरिसच्या रंगभूमीवरील नटी. ड्रायरने तिला रंगभूषेविना उभे केले, तिचे केस कापले आणि कॅमेरा तिच्या चेहऱ्याच्या अगदी जवळ नेला. न्यायाधीशांच्या प्रश्नांपुढे भेदरलेला, रडणारा, तरीही आतून अढळ असलेला तो चेहरा एकदा पाहिला, की विसरणे कठीण. पॅरिसच्या आर्चबिशपांच्या आणि सरकारी परीक्षकांच्या आक्षेपांमुळे चित्रपटाची कापाकापी झाली, हे आपण कॅथलिकांनी प्रांजळपणे नोंदवले पाहिजे. पुढे त्याच वर्षी बर्लिनच्या आगीत मूळ निगेटिव्ह जळाले. उरलेल्या तुकड्यांतून ड्रायरने दुसरी आवृत्ती जुळवली, तीही आगीत गेली. अनेक वर्षे लोक तोडके-मोडके रूपच पाहत राहिले. फाल्कोनेत्ती १९४६ साली बुएनोस आयरेसमध्ये मरण पावली, ड्रायर १९६८ साली. त्यानंतर १९८१ साली नॉर्वेमध्ये ऑस्लोजवळच्या एका मनोरुग्णालयाच्या कपाटात मूळ आवृत्तीची जवळजवळ पूर्ण प्रत सापडली! ती तेथे कोणी ठेवली हे गूढच आहे. पण ज्या अज्ञात हातांनी ती फेकून दिली नाही, त्यांचे ऋण चित्रकला मानते.

या चित्रपटाच्या कीर्तीचा आलेख पाहण्याजोगा आहे. 'साइट अँड साउंड' हे ब्रिटिश नियतकालिक १९५२ पासून दर दहा वर्षांनी समीक्षकांना सर्वोत्तम चित्रपट विचारते. १९५२ च्या पहिल्या दहांत ड्रायरचा हा मूकपट होता. १९६२ च्या यादीत तो पहिल्या दहांत नव्हता, १९७२ मध्ये परत आला, १९८२ मध्ये पुन्हा गळला, १९९२ मध्ये आला, २००२ मध्ये गेला आणि २०१२ मध्ये पुन्हा दिसला. म्हणजे कीर्तीलाही भरती-ओहोटी असते. १९६२ साली फ्रेंच दिग्दर्शक गोदार याने आपल्या एका चित्रपटात नायिकेला चित्रगृहात बसवून फाल्कोनेत्तीचा चेहरा पाहताना रडवले. एका कलावंताने दुसऱ्याला दिलेली ही मानवंदना कोणत्याही पुरस्काराहून लहान नव्हे. आणि १९९५ साली चित्रपटकलेच्या शताब्दीनिमित्त व्हॅटिकनने ४५ महत्त्वाच्या चित्रपटांची यादी काढली, तेव्हा धर्मविषयक पंधरा चित्रपटांत ड्रायरचे दोन चित्रपट होते, त्यांतला एक हाच. ज्या चित्रपटाला एकेकाळी धर्माधिकाऱ्यांनी कात्री लावली, त्यालाच पुढे ख्रिस्तसभेने मानाचे पान दिले. त्याच यादीत येशूच्या जीवनावरील पाते कंपनीचा तो जुना मूकपटही आहे, ही आणखी एक गंमत.

दीर्घ वाटचालीची कीर्ती

सर्वच नटांना एखादी अशी भूमिका सापडत नाही. काहींची कीर्ती वर्षानुवर्षांच्या कामातून साठत जाते. दुर्गा खोटे यांचे उदाहरण घ्या. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकलेली, खानदानी घरातील ही तरुणी चित्रपटात आली, तेव्हा ते काम भल्या घरच्या बाईचे मानले जात नव्हते. तिचा पहिला चित्रपट फसला आणि समाजाने नाके मुरडली. पण प्रभातच्या 'अयोध्येचा राजा' (१९३२) या पहिल्या मराठी बोलपटात तिने तारामतीची भूमिका केली आणि बोलणाऱ्यांची तोंडे बंद झाली. ज्या तारामतीसाठी १९१३ साली फाळक्यांना एकही स्त्री मिळाली नव्हती, तीच भूमिका एकोणीस वर्षांनी एका सुशिक्षित मराठी स्त्रीने सन्मानाने केली! त्यानंतर जवळजवळ अर्धशतक त्या काम करीत राहिल्या. 'मुघल-ए-आझम' (१९६०) मधील जोधाबाई आजही लोकांच्या स्मरणात आहे. १९८३ सालचा फाळके पुरस्कार त्यांना मिळाला, शांताराम यांना १९८५ सालचा. दुर्गाबाईंनी आपली आत्मकथाही मराठीत लिहिली. तिच्यामुळे पडद्यामागची दुर्गाबाई आपल्याला भेटते.

येथे आम्ही फाळक्यांच्या 'नवयुग'मधील लेखांकडे परत येतो. अॅलिस गी, फाळके, दुर्गाबाई या तिघांनीही आपली हकीगत लिहून ठेवली. जे लिहिले जाते त्याला इतिहासकार साक्ष मानतो, जे केवळ सांगितले जाते ते दोन पिढ्यांत विरते. कीर्ती टिकण्यासाठी काम थोर असावे लागते हे खरेच. परंतु त्याबरोबर चित्रपटाची प्रत टिकावी लागते, पाहणाऱ्याने लिहावे लागते, पुढच्या कलावंताने त्याकडे मागे वळून पाहावे लागते आणि एखाद्या संस्थेने ते सांभाळावे लागते. यांतले एक जरी सुटले, तरी थोर काम अंधारात जाऊ शकते.

यादीत नाव नसलेली माणसे

तसे अंधारात गेलेल्यांचे काय? फाळक्यांच्या पहिल्या चित्रपटातील तारामती झालेले अण्णा साळुंके हे एका उपाहारगृहात स्वयंपाकी होते. 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता या दोन्ही भूमिका त्यांनी एकट्यानेच केल्या. लोकप्रियतेच्या दृष्टीने तेच आपल्याकडचे पहिले 'स्टार' म्हणायला हवेत. आज त्यांच्याविषयी चार ओळींपलीकडे माहिती मिळत नाही. सरस्वतीबाई फाळके यांनी दागिने दिले, कच्च्या फिल्मला भोके पाडण्याचे आणि ती धुण्याचे काम शिकून घेतले, शिवाय कंपनीतील साऱ्या माणसांचा स्वयंपाक सांभाळला. चित्रपटाच्या जनकाची चर्चा होते, जननीची होत नाही.

आणि आपल्याच समाजातील वादक? हिंदी चित्रपटसंगीताच्या वैभवकाळात स्वरलेखन करणारे, वाद्यवृंद बांधणारे किती गोवेकर कॅथलिक होते! पॅरिशमधील संगीतशाळेत त्यांनी स्वरलिपी शिकली आणि मुंबईच्या स्टुडिओंत ती पोटासाठी वापरली. माजोर्डाचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतले एक. राहुलदेव बर्मन आणि प्यारेलाल यांना त्यांनी व्हायोलिन शिकवले. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मधील गाण्यात नायकाच्या तोंडी त्यांचे नाव आले, ते शिष्य प्यारेलाल यांनी गुरूला केलेले वंदन होते. देशभर ते नाव गाजले, पण त्या नावाचा एक खरा माणूस गोव्यात शांतपणे राहतो आहे, हे गाणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक होते. २०१२ साली ते प्रभुचरणी विलीन झाले.

आपल्यापुरते इतकेच

वाचकहो, आपण कोणी चित्रपटसृष्टीतील नाही आणि राष्ट्रीय संग्रहालये चालवणे आपल्या हाती नाही. परंतु आपल्या धर्मग्रामांतही नाटके झाली. नाताळचे प्रवेश झाले, दुःखसहनाचे प्रयोग झाले, ओटीवर पेटी वाजवणारे आणि व्हायोलिनवर गायनमंडळाला साथ देणारे होऊन गेले. त्यांची छायाचित्रे पत्र्याच्या पेट्यांत पडून आहेत, हस्तपत्रके बायबलच्या पानांत दुमडलेली आहेत. त्यात डावीकडून तिसरा कोण, येशूची भूमिका कोणी केली होती, पडदे कोणी रंगवले होते, हे सांगणारी माणसे दरवर्षी एकेक करून आपल्याला सोडून जात आहेत.

तेव्हा आमची विनंती एवढीच, की या सुट्टीत घरातील वडीलधाऱ्यांपाशी बसावे, छायाचित्रे पुढ्यात घ्यावीत आणि प्रत्येकाच्या पाठीमागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहून ठेवावे. लहानपणी चर्चच्या पटांगणात आम्ही जो प्रश्न विचारला नाही, तो आपल्या मुलांनी विचारावा आणि त्याचे उत्तर त्यांना घरातच सापडावे.